नाशकाबाहेर लिंक होत नाही

८ सप्टेंबर, सोमवार

अनडिफाइन्ड रेफरन्स. अनडिफाइन्ड रेफरन्स. अनडिफाइन्ड रेफरन्स. स्क्रीनभर हेच, मागितलेलं सापडत नाही म्हणे! माझ्या लॅपटॉपवर कोडमधून आमचा चालणारा प्रोग्राम बांधला जात नाही म्हणजे नाहीच. आणि कोपऱ्यातल्या त्या जुनाट कॉम्प्युटरच्या डबड्यावर मुकाट्याने बांधला जातो. कोड तोच. अक्षर न् अक्षर तेच.

शेखर सरांना विचारलं, असं का? म्हणाले, "तिथे होतंय ना? मग तिथेच कर." आणि चहाला गेले. मी दप्तर घेऊन शाळेत जात होते तेव्हापासून हा माणूस प्रोग्राम लिहितोय. आणि उत्तर काय, तर तिथेच कर!

डबड्याची एक बाजू कायम उघडी. झाकण लावलं की तापतं. आत धूळ, बाहेर धूळ. ऑफिसच्या कागदांवर त्याचं नाव 'बिल्ड सर्व्हर'. वा.

९ सप्टेंबर, मंगळवार

पुण्याहून मीना मॅडमचा फोन. या आमच्या सगळ्यांच्या साहेब. गोड बोलतात, म्हणून जास्त भीती वाटते.

म्हणाल्या, ऑक्टोबरमध्ये कोणती ऑफिसं ठेवायची ते ठरणार आहे. नाशिकचा प्रोग्राम एकाच कॉम्प्युटरवर बांधला जातो, हा धोका आहे, वर कुणालाच आवडत नाही. "पल्लवी, तू ते नीट कर. कुणालाही, कुठेही बांधता आलं पाहिजे. नाशिकसाठी चांगलं होईल."

नाशिकसाठी चांगलं होईल! एवढं पुरे आहे मला. दोन वर्षं पुण्यात काढली आहेत मी. हिंजवडीच्या त्या खोलीत तीन मुली, एक पंखा, आणि रोज कुणाचा तरी डबा कुणीतरी खाल्लेला. आता घरून निघते, मखमलाबादहून अंबडला ऑफिसात येते, संध्याकाळी आईच्या हातचं जेवते. मी परत जाणार नाही. हे इथे लिहून ठेवते, म्हणजे पुढे मलाच विसर पडायला नको.

ऑफिस म्हणजे आम्ही तिघं. शेखर सर, मी आणि राकेश. राकेश मशीनचं बघतो. वायर, पट्टा, मोटर, कॅमेरा. मशीन काय करतं? फळं पट्ट्यावरून जातात, कॅमेरा बघतो, प्रोग्राम ठरवतो, हवेचा झोत फळाला ज्याच्या-त्याच्या क्रेटमध्ये ढकलतो. टोमॅटो, डाळिंब. प्रोग्राम नसेल तर तो नुसता फिरणारा पट्टा.

११ सप्टेंबर, गुरुवार

दिवसभर सीमेक नावाच्या सॉफ्टवेअरशी झटापट. आईने विचारलं, काय करतेस गं दिवसभर? म्हटलं, मुकादमाशी भांडते.

खरंच तसंच आहे. सीमेक स्वतः काही बांधत नाही. त्याला सांगायचं: मला हा प्रोग्राम पाहिजे, त्याला या या लायब्रऱ्या, म्हणजे आधीच लिहून ठेवलेले कोडचे गठ्ठे, लागतात. तो कामांची यादी करून देतो, कोणी आधी, कोणी नंतर, कोणाला काय द्यायचं. बांधतात दुसरेच. आणि बिघडलं की शिव्या मुकादमाला.

आमच्या प्रोग्रामला 'रंग' नावाची लायब्ररी लागते. फळाचा रंग तीच ओळखते. शेखर सरांनी पूर्वी कधीतरी लिहिलेली. प्रोग्रामचे बाकीचे तुकडे माझ्याकडे नीट तयार होतात. शेवटी सगळं एकत्र जोडायची वेळ आली की ते जोडणारा लिंकर बोंब मारतो, 'रंग' कुठाय?

खरंच, कुठाय?

१२ सप्टेंबर, शुक्रवार

सापडलं! म्हणजे लायब्ररी नाही, चूक सापडली.

सरांच्या सीमेकच्या फाईलमध्ये एकच ओळ आहे. प्रोग्रामला 'रंग' जोड. बस! ती कुठे आहे, कशापासून करायची, एक अवाक्षर नाही. सीमेक शोधतो, आपल्या यादीत 'रंग' नावाचं कुणी आहे का? नाही. मग तक्रार करायची की नाही? नाही करत! म्हणतो, असेल बुवा सिस्टिममध्ये कुठेतरी, आणि नाव तसंच लिंकरकडे ढकलून मोकळा होतो. डबड्यात सरांनी 'रंग' हाताने नेऊन सिस्टिमच्या फोल्डरात ठेवली आहे. लिंकर तिथे बघतो, सापडते, सगळे खूश. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही कॉम्प्युटरमध्ये ती नाही.

बरं, बांधलेली 'रंग' डबड्यातून पेनड्राइव्हवर घेतली आणि लॅपटॉपवर आणली. लिंकरने बघितली आणि बाजूला सारली. जुळत नाही म्हणे. डबडं जुन्या पिढीचं, लॅपटॉप नव्या. म्हणजे 'रंग'चा मूळ कोडच पाहिजे. तो नव्याने बांधायचा, की झालं.

सरांना म्हटलं, मूळ कोड द्या ना. म्हणाले, "बघतो. असेल कुठेतरी." सीमेकही हेच म्हणतो!

१६ सप्टेंबर, मंगळवार

आज सटाण्याला बेइज्जती.

सोमनाथभाऊंच्या शेडमध्ये आमचं मशीन आहे. डाळिंबाचं. त्यांना रंगाबरोबर वजनही पाहिजे होतं, म्हणून मी 'वजन' नावाची नवी लायब्ररी लिहिली. डबड्यावर बांधलं, डबड्यावर चालवून बघितलं, झकास. ऐटीत राकेशच्या गाडीतून गेले. तिथे प्रोग्राम टाकला, बटण दाबलं. ढिम्म! 'वजन' सापडत नाही म्हणे.

मी नेली होती! स्वतःच्या हाताने कॉपी केली होती!

सोमनाथभाऊ गोणीवर बसून मजा बघत होते. म्हणाले, "मशीन रुसनं का, ताई?"

घाम पुसत शोधलं. भानगड अशी. प्रोग्राम बांधलेल्या फोल्डरात असतो तोवर त्याच्या खिशात सीमेक लायब्ररीचा पत्ता ठेवतो. तो दुसरीकडे नेण्यासाठी इन्स्टॉल केला, की खिसा रिकामा करतो. का, तर तुमच्या घरचा पत्ता दुसऱ्याच्या गावात काय कामाचा? तर्क बरोबर आहे. पण सांगायचं तरी! नवा पत्ता आपणच लिहून द्यावा लागतो. दिला. चाललं.

येताना राकेश म्हणाला, "लय टेन्शन घेता राव तुम्ही. सर तर हाताने फाइल टाकत्यात आन् निघून येत्यात." म्हटलं, म्हणूनच ही वेळ आली आहे. तो हसला. तो नांदगावचा, त्याला सगळ्याचंच हसू येतं.

२२ सप्टेंबर, सोमवार

घट बसले. आईचा उपास, माझा उपास, सरांचाही उपास. राकेशने आमच्यासमोर बसून मिसळ खाल्ली. वर पाव मागवला!

२४ सप्टेंबर, बुधवार

आईला आज पब्लिक, प्रायव्हेट, इंटरफेस समजावलं. ती झेंडू निवडत होती, मी शेजारी बसले होते, सुटका नव्हती तिला.

सीमेकमध्ये लायब्ररी जोडताना सांगावं लागतं, ही फक्त मलाच लागते, की मला जो जोडेल त्यालाही लागणार. फक्त मला, ते प्रायव्हेट. मला आणि माझ्या मागून येणाऱ्यालाही, ते पब्लिक. आणि इंटरफेस म्हणजे मला नको, पण माझ्याकडे येईल त्याने घेतलीच पाहिजे.

आई म्हणाली, म्हणजे आपली वणीची मावशी. स्वतः गोडाला हात लावत नाही, पण गेलेल्या माणसाला दोन लाडू खाल्ल्याशिवाय उठू देत नाही.

बरोब्बर! पुण्याच्या ट्रेनिंगमध्ये तीन तास घेतले होते यासाठी. शेवटी कुणाला काही कळलं नव्हतं, मलाही नाही.

सरांनी सगळंच सगळ्यांना जोडून ठेवलंय. कॅमेऱ्याला 'रंग', झोताला 'रंग', पट्ट्याच्या मोटरला पण 'रंग'! मोटरला रंगाशी काय घेणं-देणं? वर एकाच ओळीत 'रंग'चं नाव तीनदा. विचारलं तर म्हणाले, एकदा लिहिलं तेव्हा चाललं नाही, तीनदा लिहिलं तेव्हा चाललं. मग कशाला हात लावायचा?

त्यालाही कारण आहे खरं तर. लिंकर यादी एकदाच वाचतो, डावीकडून उजवीकडे. मागणारा आधी आणि देणारा नंतर आला पाहिजे. कोण कोणाला मागतंय ते सीमेकला नीट सांगितलं की क्रम तोच लावतो. सरांनी सांगितलंच नाही कधी.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

सरांकडे पुन्हा 'रंग'चा मूळ कोड मागितला. म्हणाले, डबड्यात असेल. डबडं पिंजून काढलं. एका फोल्डरात आहे! पण त्याला कुलूप आहे, पासवर्ड सरांचा. पासवर्ड सांगा म्हटलं. आठवत नाही म्हणाले!

मला राग आला. म्हटलं, सर, ऑक्टोबरमध्ये ठरणार आहे आपलं. तुम्हाला नाशकात राहायचं नाही का? माझ्याकडे बघितलं त्यांनी. म्हणाले, "आठवलं की सांगतो."

आळस! दुसरं काही नाही. घर कॉलेज रोडला, मुलगी बारावीला, बायकोचा शिवणक्लास चालतो, आणि या माणसाला काळजी म्हणून नाही. ऑफिस गेलं तर पन्नाशी उलटलेल्या माणसाला कोण घेणार आहे? मला तरी कुठेतरी मिळेल. ओरडावंसं वाटलं. ओरडले नाही, कारण ते डब्यातल्या साबुदाण्याच्या खिचडीतली निम्मी मला देतात.

२९ सप्टेंबर, सोमवार

मीना मॅडमना कळवलं, 'रंग' सोडून सगळं झालंय. उत्तर: "ग्रेट! फक्त तेवढंच राहिलंय ना?" हो. घर बांधलंय, फक्त जमीन राहिली आहे.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. राकेशचा दिवस!

सकाळपासून त्याने सगळं मांडलं. पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, मल्टिमीटर, सोल्डरची बंदूक, माझा लॅपटॉप, आणि मधोमध टेबलावर डबडं. फुलं आमच्या मळ्यातली, दोन पिशव्या घेऊन गेले होते. सगळ्याला हळदकुंकू. लॅपटॉपवर स्वस्तिक काढत होता, मी म्हटलं बाबा, नुसतं बोट लाव. सगळी यंत्रं बंद. आज आणि उद्या हात लावायचा नाही, विश्रांती म्हणजे विश्रांती. डबडं तर वर्षानुवर्षं बंदच केलेलं नव्हतं. बंद केलं तेव्हा खोली एवढी शांत झाली की आम्ही तिघं एकमेकांकडे बघायला लागलो.

मग नारळ. राकेशने फोडला, पाणी वाटीत धरलं आणि भक्तिभावाने सगळ्यांवर शिंपडलं. आमच्यावर, पक्कडीवर, आणि डबड्यावर. डबड्यावर जरा जास्तच. सगळ्यात मोठं दैवत ना! उघड्या बाजूने.

मी बघितलं. सरांनीही बघितलं. पण आरतीत मध्येच कसं बोलायचं? बंदच आहे, वाळेल, असं वाटलं. खोबरं खाल्लं, घरी आले.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. पहाटेपासून वडील, आमचे आप्पा, आणि मी पंचवटीत मळ्यातली फुलं विकत. घसा बसला. दुपारी आईने पुरणपोळी केली आणि मी ताटावरच पेंगले.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

डबडं गेलं.

बटण दाबलं, चट् असा आवाज आला, आणि खोबरं करपल्याचा वास! राकेश पांढराफटक. डिस्क काढून दुसरीकडे लावून बघितली, तीही गेली. नारळाचं पाणी आत वाळून चिकट थर झालाय. मूळ कोड त्या डिस्कमध्ये. पासवर्डाची भानगड कायमची मिटली!

हे कमी होतं म्हणून अकरा वाजता सोमनाथभाऊंचा फोन. "ताई, मशीन समदा माल बादमा टाकी ऱ्हायनं." सगळा माल, चांगला-वाईट, टाकाऊच्या क्रेटमध्ये जातोय. काय झालं विचारलं. तर त्यांनीही खंडेनवमीला पूजा केली होती. मशीनला कुंकू लावलं. मशीनला डोळा एकच, म्हणून नेमकं तिथेच! कॅमेऱ्याच्या काचेवर! आज सकाळी ओल्या फडक्याने घासून काढलं, आणि काच खरवडली.

राकेश नवा कॅमेरा घेऊन पळाला. बसवला. पण हा दुसऱ्या जातीचा कॅमेरा, चित्र मोठं देतो. प्रोग्राममध्ये दोन ओळी बदलायच्या. फक्त दोन. त्या बदलल्या मी पाच मिनिटांत. आणि बांधू कुठे?

तोडणी झालेली आहे. डाळिंबाचे ढीग शेडच्या बाहेर, वर पडतंय ऑक्टोबरचं ऊन. माणसांनी हाताने निवडायचं तर मजूर मिळत नाहीत, सगळे टोमॅटोवर गेलेत. व्यापाऱ्याची गाडी रविवारी येणार, आणि न निवडलेला माल तो घेणार नाही.

४ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी मी सरांवर ओरडले. हो, ओरडले. म्हटलं, एवढे दिवस मागत होते मी! एक पासवर्ड आठवला असता तर आज ही वेळ आली नसती. राकेश मध्ये पडला, म्हणाला, माझ्यामुळं झालं, सरांना कशाला बोलता.

तेवढ्यात सोमनाथभाऊंनी फोटो पाठवले. ढिगावर गोणपाट टाकलेलं, त्यांची बायको बादलीने त्यावर पाणी मारते आहे. मी सरांसमोर फोन धरला. रागानेच धरला. ते बराच वेळ बघत राहिले. फोटो मोठा करून बघितला. मग हेल्मेट उचललं आणि निघून गेले. मला वाटलं, चिडून गेले.

जेवणाच्या सुट्टीनंतर परत आले. हातात छोटी डिस्क, शिवणक्लासच्या कापडात गुंडाळलेली. म्हणाले, "सापडलं. घरी होतं."

'रंग'! मूळ कोड, सगळाच्या सगळा! आणि काय सुंदर लिहिलाय. मला वाटलं होतं गोधडी असेल. एकेक फंक्शन स्वच्छ, वर मराठीत टिपणं: 'पिकलेलं आणि उन्हाने तांबूस झालेलं यात फरक असा.' सीमेकची फाईल तशी आणि हा कोड असा, एकाच माणसाचं आहे हे पटेना!

यादीत 'रंग' घातली. प्रोग्रामला जोडली. प्रायव्हेट. लॅपटॉपवर बांधलं. झालं!! एकही बोंब नाही. पहिल्यांदा नाशकातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर आमचा प्रोग्राम बांधला गेला. मी खुर्चीवरून उडी मारली, राकेशने मला टाळी दिली, आणि सर खिडकीतून बाहेर बघत होते.

राकेश लगेच सटाण्याला निघाला. संध्याकाळी त्याने व्हिडिओ पाठवला. डाळिंबं पट्ट्यावर धावतायत, फुस्स फुस्स, लाल इकडे, डागी तिकडे. मागे सोमनाथभाऊंची बायको हसते आहे. सरांना दाखवला. त्यांनी पुन्हा लावायला सांगितला.

६ ऑक्टोबर, सोमवार

सरांचं ते तीनदा लिहिलेलं 'रंग' काढून टाकलं. मोटरची रंगापासून सुटका केली. नावंही अशी दिली, मध्ये दोन-दोन टिंबं घालून, की सीमेक आता 'असेल कुठेतरी' म्हणूच शकत नाही. यादीत नसेल तर तिथल्या तिथे सांगावं लागेल. आता कुणीही, कुठेही बांधा.

पुण्याला पाठवण्याआधी सरांना दाखवलं. त्यांनी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. म्हणाले, "छान लिहिलंस." या माणसाने पहिल्यांदा कौतुक केलं माझं. मग विचारलं, पाठवणार आहेस? म्हटलं, म्हणजे काय! आपल्यासाठीच तर चाललंय. "हं," म्हणाले. "पाठव."

पाठवलं. आज कोजागिरी. राकेशने ऑफिसात मसाला दूध आणलं, दिवसाच. मी दोन पेले प्यायले. निश्चिंत!

८ ऑक्टोबर, बुधवार

पुण्यात पहिल्या फटक्यात बांधलं गेलं. मेसेजमध्ये मीना मॅडमचा अंगठा आला, मागून फुलांचा गुच्छ. आईला सांगितलं, आता मी कुठेही जात नाही.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

मीना मॅडमचा फोन. पल्लवी, खूप छान काम, सगळे खूश आहेत. बिल्ड आता इथूनच, पुण्यातूनच होतं, त्यामुळे नाशिकचं ऑफिस ठेवायचं कारण उरत नाही. डिसेंबरअखेर बंद. तुला पुण्यात घेतोय, पगार वाढवून. सर आणि राकेशचं विचारलं, तर म्हणाल्या, त्यांचं अजून काही ठरलेलं नाही.

सरांसमोर जाऊन उभी राहिले. त्यांना कळलं होतं. विचारलं, तुम्हाला हे आधीपासून माहीत होतं?

"म्हणून तर इतकी वर्षं सापडत नव्हतं."

मग दिलंत कशाला, म्हटलं.

"त्या माणसाचं डाळिंब उन्हात पडलं होतं, पल्लवी."